'मदरसा' या शब्दाची तोंडी साक्ष

३ सप्टेंबर

प्रिय पाढे,

दोन वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि तेही कामापुरतं, तेव्हा आधी मनसोक्त शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच.

आमचा शब्दकोश अखेर 'म'ला पोचला. मी इथे लागले तेव्हा 'क' चालू होता. केस पांढरे झाले तेव्हा कुठे 'प' संपला. तिसरा मजला तोच, लाकडी खण तेच आणि संपादकही तेच. त्यांना आम्ही पाठीमागे 'तांबडी पेन्सिल' म्हणतो, कारण त्यांच्या हातून सुटलेला स्वल्पविराम अजून जन्माला यायचाय.

शब्दांच्या वाटणीत 'मदरसा' माझ्याकडे आला. मागच्या कोशात त्याला जेमतेम एक ओळ आहे : मुसलमानांची धार्मिक पाठशाळा. चूक नाही, पण पुरतंही नाही. शब्द अरबी. द-र-स ही त्याची मुळाक्षरं, म्हणजे वाचणं, पुन्हा पुन्हा वाचून शिकणं. त्यातूनच धडा तो 'दर्स' आणि शिकवणारा तो 'मुदर्रिस'. पुढे 'म' लागला की त्या कामाची जागा होते. बसायची जागा ती मजलिस, उतरायची जागा ती मंझिल, तशी शिकायची जागा तो मदरसा. ती भाषा बोलणाऱ्या देशांत साध्या सरकारी शाळेच्या पाटीवरही हाच शब्द असतो. आणि गंमत म्हणजे जुन्या कोशांत याच मुळाक्षरांचा आणखी एक अर्थ दिलाय : धान्य मळणं, तुडवून तुडवून झिजवणं. मला लगेच तुमच्या मदरशाचा उंबरठा आठवला, मधोमध खोलगट झालेला.

तर मला 'कोणतीही शाळा' हा अर्थही नोंदवायचाय. आमच्याकडे प्रत्येक अर्थाला तीन साक्षी लागतात, दोन छापील आणि एक तोंडी. छापील मिळाल्या. तोंडी साक्षीच्या चिठ्ठीवर वाक्य, सांगणाऱ्याचं नाव, वय, काम आणि पुरता पत्ता लिहावा लागतो, म्हणजे कुणाला शंका आली तर जाऊन विचारता येतं. फार पूर्वी एक बहाद्दर घरबसल्या शब्द रचून आणून द्यायचा, तेव्हापासूनचा हा नियम. दर बुधवारी आमचे खण कुणालाही बघायला खुले असतात. सत्तावीस वर्षांत सात-आठ माणसं आली, त्यातली दोन उन्हातून टेकायला.

तुझी अम्मी सकाळी काय ओरडायची, ते अक्षरशः तिच्या शब्दांत लिहून पाठव. फोन करू नकोस, आमचा फोन तांबड्या पेन्सिलीच्या टेबलावर आहे आणि तिथे सगळे कान टवकारून बसतात.

तुझी,
बोटांवर अजून डाग असलेली शाई

११ सप्टेंबर

शाई,

शिव्या घातल्या, पोटभर. आता उत्तर.

'तुमच्या' मदरशाचा उंबरठा? वा गं वा! तो झिजवण्यात तुझ्या टाचांचाही हात आहे. पाच वर्षं माझ्या शेजारी बसून माझे पाढे बघून लिहिलेस, ते विसरलीस?

अम्मीचं वाक्य : "मदरसा भरला, आणि ही अजून वेणीच घालतेय." रोज हेच, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. पण साक्षच हवी तर तुझ्या आईचं वाक्य जास्त चांगलं आहे. समोरच्या गॅलरीतून ओरडायची, "मदरसा सुटला की थेट घरी ये, रस्त्यात टिवल्याबावल्या नकोत." सरकारी शाळा रुळांपलीकडे होती आणि तुझ्या आईला आगगाडीची धास्ती. म्हणून पहाटेचा धर्माचा धडा आमच्या मुलांचा झाला की आठपासून अक्षरं आणि गणित शिकायला अख्खी गल्ली तिथेच. तुझ्या आईला दुसरा शब्द माहीतच नव्हता. मग तूच साक्षीदार हो की, मी कशाला?

तरी नियमाप्रमाणे लिही : वय चौपन्न. काम, त्याच मदरशात गणिताची मास्तरीण. पत्ता, लेथच्या कारखान्यांमागे, निळं दार, मी वरच्या खोलीत राहते. मुलं बेचाळीस, त्यातल्या सगळ्यांचं घोडं सतराच्या पाढ्यात अडतं. तुझंही अडायचं. सतरा सक?

पाढा

९ ऑक्टोबर

प्रिय पाढे,

एकशे दोन. बोटांवर मोजून काढलं.

तुझी चिठ्ठी मी पत्र आलं त्याच दिवशी केली. माझ्या आईच्या वाक्याचं म्हणशील तर कोशात काम करणाऱ्याने स्वतःची साक्ष देऊ नये असा इथला संकेत आहे, म्हणून ते मी दुसऱ्या तऱ्हेने बसवलं. ते जाऊ दे. मला वेगळंच सांगायचंय आणि कसं सांगू ते कळत नाही.

काल बुधवारी एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं अगदी अदबीचं. खाली फलकावर महिन्याच्या शब्दांची यादी लावतो, ती वाचून आलो म्हणाले. 'म'चा खण मागितला. मी स्वतः काढून दिला, वर पंख्याखालची खुर्ची दिली. दोन तास ते चिठ्ठ्या चाळत होते, मधूनच वहीत काही उतरवत होते. जाताना म्हणाले, "तुमचं अक्षर फार सुवाच्य आहे हो."

मी फुशारले. ते गेल्यावर खण लावायला घेतला तर एकच चिठ्ठी उलटी होती. आमच्या चिठ्ठ्यांचा डावा कोपरा कापलेला असतो, त्यामुळे उलटी लागली की लगेच दिसते. ती तुझी होती, पाढे. तुझं नाव, निळं दार, वरची खोली. तीनशे चिठ्ठ्यांतली तेवढीच काढलेली. तुझं घर मी त्या माणसाच्या हातात दिलं, आणि तेही सुवाच्य अक्षरात.

सहकारी टाचणीबाई म्हणाल्या, तो शहरभर फिरून कुठे कुठे मदरसे आहेत त्याची यादी करतोय, आणि यादीतल्या एका ठिकाणी नंतर दगड पडले. खरं-खोटं त्यांनाही माहीत नाही. तरी तू तिथे राहू नकोस. थोडे दिवस भावाकडे जा. मी पाया पडते.

शाई

१५ ऑक्टोबर

शाई,

तू लहानपणीही पाल दिसली की साप दिसल्यासारखी किंचाळायचीस. मी भावाकडे जाऊन काय करू? वहिनीच्या हातचं बिनमिठाचं जेवू? शिवाय सहामाही तोंडावर आली आहे.

सगळं ठीक आहे. परवा दारावर कुणीतरी खडूने '४२' लिहिलं होतं. आधी वाटलं आपल्याच कार्ट्यांचं काम. पण आपली मुलं चार उलटा काढतात, हा सुलटा होता. मी पुसून टाकला. समोरच्या चहाच्या टपरीवर एक माणूस दोन दिवस बसलेला दिसतो, चहा मात्र पीत नाही. बसेना बापडा, बाकडं काय आपल्या मालकीचं आहे?

मुलं सध्या जरा कमी येतात. ताप आलाय काही जणांना, हवाच तशी आहे. पहाटेचा धडा घेणाऱ्या मोठ्या मौलवीसाहेबांना मी काही सांगितलं नाही. त्यांचं वय झालं, आणि सांगून तरी ते काय करणार, उगाच दारात खुर्ची टाकून बसतील.

तू नीट जेव. तुझं अक्षर थरथरलंय.

पाढा

२१ ऑक्टोबर

पाढे,

ताप असा मोजून येतो का गं? बेचाळिसांतली किती उरली ते लिही. मला फसवू नकोस. तू खोटं बोलतेस तेव्हा वहिनीच्या जेवणाला नावं ठेवतेस, हे मला पन्नास वर्षांपासून माहीत आहे.

इकडे काय झालंय ते ऐक. संपादकांना बिनसहीचं पत्र आलं. 'कोणतीही शाळा' हा अर्थ काढा, नाहीतर कार्यालयाला महागात पडेल. त्यांनी मला बोलावलं, दार लावलं. इतक्या वर्षांत ते दार लावलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. ते मला 'अर्थ काढा' असं म्हणाले नाहीत. म्हणाले, तोंडी साक्ष हरवली तर नियमाप्रमाणे अर्थ आपोआप पडतो. एवढंच म्हणून खिडकीबाहेर बघत बसले.

मी ती चिठ्ठी घरी आणली. सत्तावीस वर्षांत या कार्यालयातून मी टाचणीसुद्धा उचलली नव्हती. आता ती पिठाच्या डब्यात आहे. पोळ्यांना पीठ काढताना हात लागतो आणि दचकायला होतं. जिन्यात कुणी बोललं की मी गॅस बंद करून ऐकत राहते. जाळून टाकू का? जाळली तर अर्थ जाईल, पण निदान त्यांना तुझ्याकडे यायला कारण उरणार नाही. कोशातला एक अर्थ तुझ्यापेक्षा मोठा नाही. हो म्हण, आजच जाळते.

शाई

३० ऑक्टोबर

पाढे,

नऊ दिवस झाले. 'हो' किंवा 'नाही', एका शब्दाचं कार्ड टाक. टपालवाला आमच्या दाराशी न थांबता पुढे गेला की मी खाली जाऊन पेटी पुन्हा उघडून बघते. मी अजून काहीच जाळलेलं नाही. तू काय ते सांगेपर्यंत मला काही ठरवता येत नाही.

शाई

६ नोव्हेंबर

शाई,

उत्तराला उशीर झाला.

ते २८ तारखेला आले. सकाळचे साडेदहा झाले असतील. सहा जण. वर्गात सात मुलं होती. ताप कुणालाच नव्हता, आईबापांनीच घरी ठेवलेली. तुला खोटं लिहिलं कारण ते लिहिलं असतं तर मलाच खरं वाटलं असतं.

तुझा तो इस्त्रीचा शर्ट पुढे. अदबीने विचारलं, बसू का? आणि मुलांच्या बाकावर बसला. बाक बुटकं, गुडघे हनुवटीला टेकले. एरवी मुलं खदखदून हसली असती. कुणी हसलं नाही. माझ्या हातातला खडू मोडला, आणि मी खुर्ची ओढून त्याच्या समोर बसले. बाकीचे पाच भिंतीला लागून उभे होते, काही न करता. त्यांचं काही न करणंच सगळ्यात भयंकर होतं.

त्याने वही उघडली आणि वाचलं, "मदरसा भरला, आणि ही अजून वेणीच घालतेय." तुमच्या अम्मींचं ना, म्हणाला. मी मान हलवली. मग पान न उलटता पुढचं वाचलं, "मदरसा सुटला की थेट घरी ये." आणि विचारलं, "हेही त्यांचंच? तुमच्याच नावाखाली लिहिलंय म्हणून विचारतो. की दुसऱ्या कुणाचं आहे?"

शाई, मला तेव्हा कळलं तू ते 'दुसऱ्या तऱ्हेने' कसं बसवलंस ते. तुझ्या आईचं वाक्य तू माझ्या नावावर घातलंस. माझ्या जिभेवर 'नाही' आलं होतं. तसं म्हटलं असतं की पुढचा प्रश्न 'मग कुणाचं', आणि तुझा पत्ता मला पाढ्यासारखा पाठ आहे.

मी म्हटलं, "हो, माझ्या अम्मीचंच."

त्याने खूण केली. सातही मुलांची नावं लिहून घेतली. सगळ्यात धाकटीने घाबरून मांजरीचंही नाव सांगितलं, तेही लिहिलं. हजेरीचं पुस्तक उचललं. फळा खिळ्यावरून काढून भिंतीकडे तोंड करून ठेवला. काही फोडलं नाही, कुणाला हात लावला नाही. पुन्हा येऊ म्हणाले. कधी, ते सांगितलं नाही. ते गेल्यावर दोन दिवस मी वरच्या खोलीतून खाली उतरले नाही. मला भीती वाटते शाई. वाऱ्याने कडी वाजली तरी मी दिवा मालवून बसते. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तिसऱ्या दिवशी शेजारचा लेथवाला वर आला. तोही इथेच शिकला, सतराच्या पाढ्यात कायमचा अडकलेला. तो माणूस वहीतून काय वाचत होता, म्हणून विचारत होता. मी तुमचा नियम सांगितला, की साक्ष देणाऱ्याचा पत्ता लिहावा लागतो. त्याने टेबलावरचा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "एकच पत्ता आहे म्हणून सगळे तुमच्या दारात येतात. माझाही लिहा."

मग मी आणि तो गल्लीत फिरलो. तू म्हणशील अख्खी गल्ली धावून आली असेल. छे. बऱ्याच जणांनी दार अर्धंच उघडलं. नऊ चिठ्ठ्या झाल्या. त्यातली शिंप्याची त्याच दुपारी परत गेली, त्याची बायको रडायला लागली म्हणून. मी त्याला काही बोलले नाही, मी त्याच्या जागी असते तर पहिल्यांदाच दिली नसती. आठ उरल्या. सुईणबाईंनी वय दहा वर्षांनी कमी सांगितलंय, ते तुझी तांबडी पेन्सिल बघेल. टपालवाल्याने स्वतःची लिहिली आणि हे पाकीट स्वतःच्या हाताने नेतो म्हणाला. आठही जण त्या उंबरठ्यावरून गेलेले, त्यातले पाच तुझ्या घरच्या देवांना मानणारे.

चिठ्ठ्या सोबत आहेत. पिठाच्या डब्यातली जाळू नकोस. तू जाळलीस तर त्या माणसाच्या वहीत आहे तेवढीच उरेल, आणि आम्ही कोण ते मग तोच ठरवील.

आणि त्या दुसऱ्या वाक्याचं तुझं तू बघ. मी पुन्हा विचारणार नाही. रागावले होते. आता दमले आहे.

काल तेरा मुलं आली. फळा मी परत टांगला.

पाढा

१२ नोव्हेंबर

पाढे,

संकेत वगैरे काही नाही. कोशातल्या माणसाने स्वतःची साक्ष देऊ नये असा नियम आमच्याकडे कधीच नव्हता. मी खोटं बोलले. मी मदरशात शिकले हे सत्तावीस वर्षांत मी या खोलीत कुणाला सांगितलं नाही. पहिली शाळा कोणती असं कुणी विचारलं की मी 'गल्लीतली' म्हणायचे. आईचं वाक्य माझ्या नावावर लिहायला बसले तेव्हा मनात आलं, ही चिठ्ठी उद्या कुणी वाचली तर? मला भीती वाटली म्हणून मी ते तुझ्या नावावर टाकलं. म्हणजे काय होऊ शकतं हे मला आधीच ठाऊक होतं, आणि तरी पत्ता तुझाच लिहिला. तू त्या बाकासमोर बसून मला वाचवलंस. माफी मागायलाही तोंड उरलेलं नाही, तरी मागते.

आज सकाळी पिठातली चिठ्ठी झटकून आणली. तुझ्या नावाखालचं दुसरं वाक्य खोडलं, बाजूला तारीख घातली. तुझ्या गल्लीच्या आठ चिठ्ठ्यांचे कोपरे कापले. आणि दहावी नवी केली : 'मदरसा सुटला की थेट घरी ये, रस्त्यात टिवल्याबावल्या नकोत.' सांगणारी, माझी आई. ऐकणारी, मी. वय चौपन्न, काम कोशाचं, खाली माझ्या घराचा पत्ता. लिहिताना दोन कार्डं फुकट गेली. अक्षर अजिबात सुवाच्य आलेलं नाही.

दहाही चिठ्ठ्या संपादकांपुढे ठेवल्या. त्यांनी एकेक वाचली. सुईणबाईंच्या वयाशी पेन्सिल थांबली, पण पुढे गेली. माझ्या चिठ्ठीशी आल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, झालं, आता खिडकीबाहेर बघतील. बराच वेळ खरंच बघितलं. मग चिठ्ठी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "बाई, पत्ता अपुरा आहे. मजला लिहा."

मी मजला लिहिला. दुसरा, डावीकडचं दार.

आज बुधवार आहे. टाचणीबाई आत्ताच सांगून गेल्या की ते इस्त्रीच्या शर्टवाले खालच्या फलकाशी उभे आहेत, या वेळी एकटे नाहीत. 'म'चा खण मी आधीच काढून पंख्याखालच्या टेबलावर ठेवलाय. जिन्यावर पावलं वाजतायत; मी मोजतेय, दुसरा मजला ओलांडला. हे पत्र पाकिटात घालून टाचणीबाईंकडे देते, त्या मागच्या जिन्याने जाऊन पेटीत टाकतील.

संध्याकाळी कार्यालय सुटलं की थेट घरी जायचं, रस्त्यात कुठे थांबायचं नाही, असं सकाळपासून मी स्वतःला सांगतेय, आईच्याच आवाजात. पण घराचा पत्ताही आता त्या खणात आहे, तुझ्या पत्त्याला लागून.

शाई